गुन्ह्याची कारणं (मुंबईच्या संदर्भात)

कायद्याने शिक्षा सांगितलेलं कुठलंही वागणं म्हणजे गुन्हा. व्याख्या एवढी सोपी आहे, पण तिच्यात एक मेख आहे, कायदा बदलला की गुन्हाही बदलतो, आणि मुंबईबद्दल बोलताना तर हे पदोपदी लक्षात ठेवावं लागतं. शब्दाचंच बघा. गुन्हा हा फारसी गुनाहवरून आला, तिकडे त्याचा अर्थ पाप आणि अपराध दोन्ही, मराठीत पाप वेगळं राहिलं आणि गुन्हा सरकारदरबारी गेला. पेशवाईतल्या कागदांत तर गुन्हेगारी हा शब्द दंडाच्या रकमेसाठीही येतो, म्हणजे गावाकडून वसूल केलेली गुन्हेगारी हा जमेचा आकडा होता.

माणूस कायदा का मोडतो यावरचा आपल्याकडचा जुना विचार कौटिलीय अर्थशास्त्रात सापडतो. ग्रंथाच्या काळावर एकमत नाही, इसवी सनापूर्वीचं चौथं शतक ते इसवी सनाचं तिसरं शतक एवढ्या पट्ट्यात अभ्यासक तो कुठेही बसवतात, आताचा कल बराचसा उशिराच्या बाजूला आहे. त्यातल्या कण्टकशोधन (समाजाला टोचणाऱ्यांचा बंदोबस्त) या भागाची सुरुवात कारागीर आणि व्यापाऱ्यांच्या फसवणुकीपासून होते, दरोडेखोरांपासून नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सरकारी पैसा खाणाऱ्याबद्दल त्यात म्हटलंय की पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही. म्हणजे संधी असली की माणूस घसरतो, हा विचार आपल्याला नवा नाही.

मग एकोणिसाव्या शतकात चक्र उलटं फिरलं. १८७६ मध्ये इटलीतल्या लोम्ब्रोसोने कवट्या आणि जबडे मोजून जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली, आणि १९१३ मध्ये इंग्लंडच्या गोरिंगने सुमारे ३००० कैद्यांची मोजमापं घेऊन ती खोडून काढली. आपल्याकडे मात्र त्याआधीच, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला होता, त्यामुळे ही कल्पना युरोपातून आयात झाली असं जे सरसकट लिहिलं जातं ते तारखांमध्ये बसत नाही. सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा जातीवरून काढलेला तर्क हा कायदा करताना मांडला गेला होता. १९११ च्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश मुलखात लागू झाला, आणि पारधी, कैकाडी, मांग गारुडी, टकारी अशा जमातींच्या माणसांना काही न करताही रोज पोलिसपाटलाकडे हजेरी द्यावी लागायची, कित्येकांना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमध्ये ठेवलं गेलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला आणि संशयाची सवय काही गेली नाही. मुंबईत सिग्नलला गजरे विकणाऱ्या पारधी बाईला आजही आसपास काही चोरीला गेलं की पहिल्यांदा विचारलं जातं. ज्याला जन्मापासून चोर म्हणून नोंदवलं, ज्याला कुणी कामावर ठेवलं नाही, त्याने पुढे चोरी केली तर कारण त्याच्या रक्तात शोधायचं का हजेरीच्या वहीत?

हाच प्रश्न ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुषतुलना' मध्ये विचारला होता. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचं, तिला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी झाली, अपिलात ती शिक्षा काळ्या पाण्यावर आणि नंतर पाच वर्षांवर आली. ताराबाईंचं म्हणणं थोडक्यात असं की विधवेला लग्नाची बंदी घालणारे आणि तिला फसवणारे मोकळे सुटतात आणि दोष सगळा तिच्या स्वभावाला. मराठीत गुन्ह्याच्या कारणांवर इतकं स्पष्ट त्याआधी फार कुणी लिहिलेलं दिसत नाही, तरी या विषयाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव सहसा येत नाही, याची खंत वाटते.

मुंबईपुरता सगळ्यात जास्त वाद गँगच्या उगमावर आहे. लोकांमध्ये रूढ मत असं की १९८२ चा गिरणी संप फसला, घरं उद्ध्वस्त झाली आणि गिरणगावची पोरं टोळ्यांत गेली. मत चुकीचं नाही पण अर्धं आहे. संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पण मन्या सुर्वे हा टोळीवाला वडाळ्याला पोलिसांच्या गोळ्यांनी मेला तो ११ जानेवारी १९८२ ला, म्हणजे संपाच्या बरोबर एक आठवडा आधी, आणि तो दादरच्या कीर्ती कॉलेजात शिकलेला होता. प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर दाऊदचा भाऊ शबीर इब्राहिम याचा खून झाला तो फेब्रुवारी १९८१ चा. भायखळ्याची रमा नाईक आणि बाबू रेशीमची टोळीही संपाच्या आधीची. तेव्हा संपाने टोळ्या जन्माला घातल्या असं म्हणता येत नाही, संपाने आधीच चालू असलेल्या धंद्याला रिकामे हात पुरवले, असं म्हणणं पुराव्याला जास्त धरून आहे. वडिलांची नोकरी गेली, शिक्षण अर्धवट सुटलं, खोली दहा बाय बाराची आणि नाक्यावर कुणीतरी रोजचे पैसे देतोय, हे त्या काळात लालबाग-परळला घरोघरी बघितलेलं आहे, आणि तरीही बहुतेक पोरं त्या वाटेला गेली नाहीत, कुणी भाजी विकली, कुणी वॉचमन झाला, कुणी गावी गेला. म्हणून नुसती गरिबी हे कारण अपुरं पडतं.

मग धंदा कुठून आला? तर बराचसा कायद्यातून. १९४९ चा दारूबंदी कायदा आणि १९५० पासूनची पूर्ण बंदी यामुळे शहराची तहान हातभट्टीकडे वळली, खाडीकाठच्या दलदलीत भट्ट्या लागल्या, आणि हप्ता ही गोष्ट चौकीपासून गल्लीपर्यंत रोजची झाली. पुढे परवाने देऊन बंदी सैल केली, परमिट रूम हा शब्द त्याचीच आठवण, पण तोवर माणसं, पैसा आणि ओळखी तयार झाल्या होत्या. सोन्याचंही तसंच. आयातीवर बंदी, १९६३ च्या सुरुवातीपासून १४ कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा, आणि लग्नात सोनं तर हवंच, त्यामुळे दुबईचं बिस्किट समुद्रातून येणारच. १९९० मध्ये कायदा रद्द झाला, दोनेक वर्षांत आयात खुली झाली, तसा तस्करीचा नफा आटला आणि टोळ्या बिल्डरांकडच्या खंडणीकडे सरकल्या. तिसरा कायदा भाड्याचा. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली, त्यातून पागडी, म्हणजे जागेसाठी भाड्याशिवाय वरून घेतलेली रक्कम आली, जागा खाली करायचे दावे वर्षानुवर्षं चालायचे, आणि कोर्टात जे होत नाही ते दोन पोरं पाठवून होतं हे मालकांना कळलं. सुपारी शब्द याच व्यवहारातला, पण मुळात तो तमाशाच्या फडाला आगाऊ ठरवण्याचा, माहीमच्या राजाने विडा ठेवल्याची गोष्ट सांगितली जाते तिला आधार कमी वाटतो. भाडेकरूंना त्या कायद्याने छप्पर दिलं हेही खरं, माझं म्हणणं एवढंच की बंदी घातली आणि मागणी तशीच राहिली तर मधली जागा कुणीतरी भरतो.

समाजशास्त्रात याला जवळची मांडणी अमेरिकेच्या मर्टनची, १९३८ ची. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो पण तिथे जायचा सरळ रस्ता थोड्यांनाच देतो. सदरलँड म्हणायचा की गुन्हा संगतीतून शिकला जातो, आणि पांढरपेशा गुन्हा ही कल्पना त्याने १९३९ मध्ये मांडली ती गरिबीच्या सिद्धांताला उत्तर म्हणूनच. मुंबईला हे पटायला १९९२ चा रोखे घोटाळा पुरेसा आहे, बँकांच्या पावत्यांवर हजारो कोटी फिरले आणि त्यातलं कुणी उपाशी नव्हतं.

तिसरी मांडणी कोहेन आणि फेल्सनची, १९७९ ची. करणारा, हाताशी आलेली वस्तू आणि लक्ष ठेवणारं कुणी नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की गुन्हा होतो. लोकलच्या दारात मोबाइल घेऊन उभं राहिलं की खांबाजवळचा पोरगा काठीने हातावर फटका मारतो, फोन रुळावर, गाडी पुढे. २५ डिसेंबर २०१७ पासून एसी लोकल धावायला लागली, तिची दारं बंद असतात, तिथे फटका मारताच येत नाही. पोरगा तोच, गरिबी तीच, फक्त दार बंद. चाळीत दारं उघडी असूनही चोरी कमी का, याचं उत्तरही इथेच मिळतं, कॉमन गॅलरीत कुणीतरी आजी बसलेली असते.

घरातल्या गुन्ह्यांना मात्र यातली कुठलीच मांडणी नीट लागू होत नाही. बलात्काराच्या नोंदवलेल्या केसमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो हे राष्ट्रीय आकडे दरवर्षी सांगतात. सायबर फसवणुकीत संधी आणि धाक दोन्ही असतात, व्हिडिओ कॉलवर पोलिस असल्याचं भासवून जी डिजिटल अटक केली जाते तसा प्रकार कायद्यात नाहीच, तरी शिकलेली माणसं घाबरून पैसे पाठवतात.

आकडे वाचताना जपून. गुन्हे वाढले की नोंद वाढली हे वेगळं काढावं लागतं. दखलपात्र तक्रार आली तर एफआयआर घ्यायलाच हवा असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं. गळ्यातली साखळी खेचणं आधी चोरी किंवा जबरी चोरीत जायचं, १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेणं हा वेगळाच गुन्हा झालाय, त्यामुळे आधीच्या वर्षांशी सरळ तुलना होणार नाही.

एकदा आत जाऊन आलेला पुन्हा का जातो, यावर मुंबईत मोलाचं काम टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या प्रयास प्रकल्पाने १९९० पासून केलंय. देशातल्या तुरुंगात चारपैकी तीन जण कच्चे कैदी, म्हणजे दोष सिद्ध न झालेले. जामीन मंजूर होतो पण जामीनदार मिळत नाही, फूटपाथवर राहणाऱ्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो, मग किरकोळ चोरीसाठी महिनोन् महिने आत, आणि बाहेर आला की कामावर ठेवणारा पोलिस व्हेरिफिकेशन मागतो. त्यात चॅप्टर केस (चांगल्या वागणुकीची हमी मागणारी पोलिसांची कारवाई) किंवा तडीपारीची नोटीस आली तर बायकापोरं मुंबईत आणि तो जिल्ह्याबाहेर, आणि तिथे तर त्याला ओळखणारंही कुणी नसतं.