साक्षांकन नमुन्यातला बारावा रकाना: ‘नो’ लिहिण्याआधी हे वाचा

नाशिकरोडची नोटांची प्रेस, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, रेल्वे, पोस्ट, निमलष्करी दलं. केंद्राच्या अखत्यारीतल्या अशा ठिकाणी निवड झाली की नेमणुकीआधी एक इंग्रजी फॉर्म भरावा लागतो. त्याला अटेस्टेशन फॉर्म म्हणतात, आपल्याकडे साक्षांकन नमुना. लेखी झाली, मेडिकल झालं, आता काय राहिलं, असं म्हणत मुलं तो एका बैठकीत भरून टाकतात. अभ्यासिकेतला एखादा मित्र सांगतो, सगळीकडे ‘नो’ टाक. आणि दोन-तीन वर्षं घासून मिळवलेली नोकरी त्या ‘नो’मुळे जाते. गुन्हा भयंकर असतो असं नाही. गल्लीतली मारामारी असते, आंदोलनातला जमाव असतो, पत्त्यांच्या अड्ड्यावरची धाड असते. खरं लिहिलं असतं तर कदाचित निभावलं असतं, पण लपवलं म्हणून निवड रद्द होते.

फॉर्मच्या डोक्यावरच इशारा छापलेला असतो: खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र ठरेल. हा इशारा वाचून सोडून देऊ नका.

बाकीचे रकाने सोपे आहेत. नाव आधार आणि दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे, आईवडिलांची माहिती, शिक्षण, फोटो, राजपत्रित अधिकाऱ्याची सही. पत्त्यांचा रकाना मात्र जपून भरा. गेल्या पाच वर्षांत जिथे सलग वर्षभरापेक्षा जास्त राहिलात ते सगळे पत्ते द्यायचे असतात. गाव सिन्नर तालुक्यात आणि खोली नाशिक शहरात अंबडला असेल तर पडताळणी ग्रामीण पोलिसांकडेही जाते आणि शहर आयुक्तालयाकडेही. एका ठाण्याला माहीत नसलेलं दुसऱ्या ठाण्याच्या नोंदीत असतं.

आता बारावा रकाना. विभागानुसार क्रमांक किंवा शब्दरचना थोडी बदलते, प्रश्न तेच राहतात. तुम्हाला कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध केलं का, ‘बाऊंड डाऊन’ केलं का, कोर्टाने दंड केला का, दोषी ठरवलं का, परीक्षेतून किंवा विद्यापीठातून बाद केलं का, आणि आज कुठल्या कोर्टात केस पेंडिंग आहे का. प्रत्येक प्रश्नाला वेगळं ‘यस’ किंवा ‘नो’ द्यायचं असतं. एका माणसाचं उत्तर एका प्रश्नाला ‘यस’ आणि पुढच्याला ‘नो’ असू शकतं. ‘माझ्यावर काही नाही’ हे एकच उत्तर मनात धरून रकाना भरणाऱ्यांचा घोटाळा इथेच होतो.

‘अरेस्टेड’: ठाण्यातूनच टेबल जामीन मिळाला, लॉकअपमध्ये गेलोच नाही, म्हणजे अटक नाही, असा समज सर्रास आहे. तो चूक आहे. जामीनपात्र गुन्ह्यातही आधी अटक दाखवतात आणि मगच जामिनावर सोडतात. विसर्जन मिरवणुकीच्या किंवा निवडणुकीच्या काळात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १५१ खाली उचललं असेल, तर तीही प्रतिबंधक का होईना, अटकच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हेच कलम १७० आहे. याउलट नुसती हजर राहण्याची नोटीस मिळाली, जुनी ४१-अ किंवा नवी कलम ३५ ची, आणि जबाब देऊन घरी आलात, तर अटक झालेली नाही. शंका असेल तर ठाण्यात जाऊन अटकेची नोंद झाली होती का, एवढं स्पष्ट विचारा.

‘बाऊंड डाऊन’ हा शब्द ऐकलेला उमेदवार मला अजून भेटलेला नाही. पण ‘तुझ्यावर चॅप्टर झाली होती का?’ असं विचारलं की निम्मी मुलं लगेच मान डोलावतात. तेच ते. शांतता राखीन किंवा चांगलं वागेन असं हमीपत्र अधिकाऱ्याच्या आदेशाने लिहून द्यावं लागलं, जुन्या कलम १०७ किंवा ११० खाली, आताच्या १२६ किंवा १२९ खाली, तर उत्तर ‘यस’. नोटीस आली आणि बॉण्ड न घेताच प्रकरण संपलं असेल, तर बॉण्ड झालेला नाही. पण ते कसं संपलं त्याचा कागद जवळ हवा.

या कागदासाठी लोकांची सर्वांत जास्त पायपीट होते. चॅप्टर केस कोर्टात चालत नाही, कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे चालते. म्हणून ई-कोर्ट या न्यायालयांच्या साइटवर नाव शोधून काही सापडत नाही आणि मुलगा बिनधास्त होतो. शहरात हे अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडे असतात, ग्रामीण भागात तहसीलदार किंवा प्रांतांकडे. आदेशाची नक्कल त्याच कार्यालयातून मिळते. ठाणं सांगतं तहसीलला जा, तहसील सांगतं ठाण्यात जा. हे हेलपाटे उमेदवाराने का मारायचे, याचं उत्तर कुणाकडेच नाही. तेव्हा अर्ज लेखी द्या, त्यावर चॅप्टर केसचा नंबर आणि वर्ष घाला, आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

‘फाईन्ड’ आणि ‘कन्व्हिक्टेड’ या प्रश्नांना तर अगदी सरळमार्गी घरातली मुलं चुकतात. जुगाराच्या धाडीत किंवा मुंबई नाक्यावरच्या नाकाबंदीत दारू पिऊन गाडी चालवताना सापडले, कोर्टात वकील म्हणाला, ‘कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो’. दंड भरला, घरी आले. पण गुन्हा कबूल केल्यावर कोर्टाने दंड केला म्हणजे दोषसिद्धी झाली. दोन्ही प्रश्नांना ‘यस’. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ११०, ११२, ११७ या कलमांखाली सार्वजनिक ठिकाणच्या गोंधळाबद्दल कोर्टात दंड भरला असेल तरी हेच. मोबाईलवर भरलेलं ई-चलन मात्र कोर्टाचा दंड नव्हे, प्रकरण न्यायालयात गेलं नसेल तोवर. चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर कोर्टाने सोडलं असेल तरी दोषसिद्धी झालेली असते, ती लिहायची.

आपल्या बोलण्यात ‘सुटला’ हा एकच शब्द पाच ठिकाणी चालतो, फॉर्ममध्ये तसं नाही. जामिनावर सुटला म्हणजे केस पेंडिंग. ‘डिस्चार्ज’ म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावाच नाही म्हणून आरोपातून वगळलं. ‘अ‍ॅक्विटेड’ म्हणजे निर्दोष मुक्तता. फिर्यादीशी कोर्टात रीतसर तडजोड झाली तर तिचाही परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच. ‘क्वॅश’ म्हणजे उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द केला. आणि अपील चालू आहे, शिक्षेला स्थगिती आहे, तरी दोषसिद्धी उभीच असते. निर्दोष सुटलेल्यांनी लक्षात घ्या: प्रश्न ‘कधी खटला चालला का’ असा आहे. सुटलात तरी खटला चालला होता. उत्तर ‘यस’, आणि तपशिलात निकाल लिहायचा.

दोन प्रकारच्या प्रकरणांत कागद नसल्यामुळे घात होतो. पहिला प्रकार ‘समरी’चा. तपासात काही निष्पन्न झालं नाही, ठाण्यात सांगितलं, ‘फाईल बंद झाली’. पण फाईल पोलिसांच्या म्हणण्याने बंद होत नाही. गुन्हा खरा पण उलगडला नाही तर ए, फिर्याद खोटी आणि द्वेषापोटी असेल तर बी, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झाली असेल तर सी, असा समरी अहवाल कोर्टात जातो आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो मंजूर करावा लागतो. मंजुरीचा हा आदेश आरोपीला कुणी आपणहून आणून देत नाही, म्हणून जवळजवळ कुणाकडेच तो नसतो. आणि कधी कधी कळतं की अहवाल कोर्टात गेलेलाच नाही.

दुसरा प्रकार आंदोलनातल्या गुन्ह्यांचा. सरकारने गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली, पेपरात बातमी आली, मुलगा निश्चिंत. घोषणेने किंवा शासन निर्णयाने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करायचा आणि कोर्टाने संमती द्यायची, मगच तो संपतो. त्या आदेशाची तारीख हातात नसेल तर फॉर्मच्या दिवशी तुमची केस पेंडिंगच आहे.

हे आदेश मिळवायचे कसे? आधी ई-कोर्टच्या साइटवर नाव किंवा एफआयआर नंबर टाकून केस शोधा. इंग्रजी स्पेलिंग दोन-चार प्रकारे घालून पाहा, कारण नोंद करणाऱ्याने आडनाव कसं लिहिलं असेल सांगता येत नाही. सापडलेला सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा. मग ज्या कोर्टात केस चालली तिथल्या नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. नाशिकचं जिल्हा न्यायालय सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ आहे. सिन्नर, निफाड, येवला, मालेगावचे दावे बहुधा तिथल्याच कोर्टात असतात, उगाच शहरात चकरा मारू नका. वकिलाकडची झेरॉक्स चालत नाही, शिक्क्याची प्रमाणित प्रतच लागते. जुनं रेकॉर्ड नष्ट केलं असेल तर अर्जावर तसा शेरा लेखी मागून घ्या. तो शेराही पुरावा आहे.

तारखेचाही गैरसमज होतो. ‘जॉइनिंगपर्यंत निकाल लागेलच’ म्हणून पेंडिंगला ‘नो’ लिहितात. उत्तर फॉर्म भरण्याच्या दिवसाच्या स्थितीचं द्यायचं असतं. फॉर्म दिल्यानंतर अटक झाली, गुन्हा दाखल झाला, शिक्षा झाली, तर ते लगेच कळवण्याचं बंधन त्याच फॉर्मवर लिहिलेलं आहे. निर्दोष सुटलात तर तेही कळवा.

खरं लिहिलं तर नोकरी मिळेलच का? तशी हमी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने अवतार सिंग प्रकरणात २१ जुलै २०१६ रोजी याबद्दल सूत्रं घालून दिली. खरं सांगणाऱ्यालाही नेमायचंच अशी सक्ती नोकरी देणाऱ्यावर नाही, पण किरकोळ प्रकरणाकडे तो दुर्लक्ष करू शकतो. तरुणपणी घोषणा दिल्याचं उदाहरण न्यायालयाने स्वतः दिलं. फॉर्ममध्ये नेमकं जे विचारलं आहे तेवढंच सांगणं बंधनकारक आहे. आणि लपवल्याचा ठपका ठेवायचा तर ती गोष्ट उमेदवाराला माहीत होती हे दिसलं पाहिजे. अनेक गुन्हे लपवणाऱ्याला मात्र या निकालात आसरा नाही.

‘यस’ लिहिलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी वेगळा कागद जोडा: पोलीस ठाणं, गुन्हा नंबर आणि वर्ष, कलमं, कोर्ट, केस नंबर, आजची स्थिती. सफाई देत बसू नका, चार ओळी पुरतात. भरलेल्या फॉर्मची आणि जोडपत्रांची एक प्रत घरी ठेवा.

कारणे दाखवा नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत, कागदांसह, उत्तर द्या. गप्प बसलात तर पुढे बाजू लंगडी पडते. निवड रद्द झालीच तर केंद्राच्या नागरी पदांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे कॅटकडे, आदेशापासून साधारण एका वर्षात अर्ज करावा लागतो. सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांचं प्रकरण उच्च न्यायालयात जातं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना तिथे उत्पन्नाची अट नाही, जातीचा किंवा ओळखीचा पुरावा मात्र अर्जासोबतच न्या.