सोडलात तर मराल: मेलांज नावाची नशा

फ्रँक हर्बर्टच्या 'ड्यून' (१९६५) या कादंबरीच्या शेवटी शब्दसूची आहे. तिच्यातली मेलांज या मसाल्याची नोंद औषधशास्त्राच्या पुस्तकातून उचलल्यासारखी वाटते. थोडा घेतला तर किरकोळ सवय. ७० किलो वजनामागे दिवसाला २ ग्रॅमच्या वर गेलात की जबर व्यसन. वजनामागे मात्रा! विज्ञानकथांमध्ये एरवी एका घोटात माणूस कामातून जातो.

हा मसाला अराकिस या वाळवंटी ग्रहावर, महाकाय वाळूकिड्यांच्या जीवनचक्रातून तयार होतो. त्याला दालचिनीसारखा वास येतो, तो आयुष्य वाढवतो, काहींना भविष्य दाखवतो. डोळे तर बुबुळासकट निळेशार होतात. त्यातलं भविष्य सोडून देऊ. निळ्या डोळ्यांना मात्र अगदीच हसू नये: वर्षानुवर्षं चांदीची संयुगं पोटात गेली तर माणसाची त्वचा आणि डोळ्यांचं पांढरंही निळसर-करडं पडतं.

खरी गोम आहे ती मसाला सुटण्यात. मेलांजचं पक्कं व्यसन लागलेल्याचा मसाला तोडला, तर तो मरतो. हे वाचून पुष्कळांना हेरॉइन आठवतं, पण तुलना चुकते. हेरॉइन सोडताना हाल कुत्रा खात नाही, तरी नुसत्या त्या त्रासाने जीव जाणं विरळाच. जीव घेऊ शकते ती दारू. दारू मेंदूतल्या 'गाबा' या शांतवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते. रोज हा ब्रेक दाबलेला राहिला की मेंदू तोल सांभाळायला दुसऱ्या बाजूने जोर लावतो: गाबाला दाद देणं कमी करतो, उत्तेजक ग्लुटामेटची यंत्रणा वाढवतो. मग दारू एकदम थांबली की ब्रेक सुटतो आणि नुसता ॲक्सिलरेटर उरतो. हात थरथरतात, आकडी येते. दोन ते चार दिवसांत भास, ताप, संभ्रम. उपचार न मिळाल्यास मृत्यूही. म्हणून अट्टल पिणाऱ्याने मनाच्या हिय्यावर एका रात्रीत दारू सोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

मेंदूची ही उलटी रेटारेटी ध्यानात घेतली, की ऑल्डस हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) या कादंबरीतली 'सोमा' ही नशा फारच भाबडी वाटू लागते. नाव आपल्या वेदांतल्या सोमाचं. गोळी घ्या, मजेत राहा, दुसऱ्या दिवशी डोकंही दुखत नाही. राज्यकर्त्यांच्या सोयीचं आहे, शरीराच्या हिशेबात बसत नाही.

मेलांजबद्दलचं एक वाक्य मात्र मला अजून सोडत नाही: त्याची चव दोनदा सारखी लागत नाही. १९९० च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींच्या हालचालींची नोंद घेतली. डोपामिन म्हणजे बक्षिसाची खबर देणारं मेंदूतलं रसायन. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की त्या पेशी चेकाळत. रसाआधी खूण दाखवायची सवय लावली, तर खुणेलाच चेकाळत आणि रस आला तरी ढिम्म. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तरच त्यांना दखल घ्यावीशी वाटते. दर वेळी वेगळा लागणारा पदार्थ या पेशींना कायम जागं ठेवील. कोकेनला मात्र चव बदलण्याचे कष्टही नाहीत. ते डोपामिन परत शोषून घेण्याची वाटच अडवतं, म्हणून डोपामिन साचत राहतं. शंभराव्या खेपेलाही पेशींपुढे निरोप तोच: अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं.