विकिपीडियावर बायका किती, हे मोजलं कसं?

नागपुरात विकिपीडियाची कार्यशाळा असो की महाविद्यालयातलं महिला दिनाचं भाषण, 'संपादकांमध्ये (म्हणजे विकिपीडियावर लेख लिहिणाऱ्या-सुधारणाऱ्यांमध्ये) बायका जेमतेम दहा-बारा टक्के' हे वाक्य ठरलेलं. त्याचं मूळ 2008 च्या एका पाहणीत आहे. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठाची मास्ट्रिख्टमधली संस्था यांनी ती केली. उत्तरं देणाऱ्या संपादकांत स्त्रिया 13 टक्क्यांहून कमी निघाल्या. जानेवारी 2011 मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ही बातमी केली, आणि फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख सू गार्डनर यांनी 2015 पर्यंत 25 टक्के गाठायचं ठरवलं. ते काही जमलं नाही.

गोम अशी, की प्रश्नावली भरणं ज्याच्या-त्याच्या मर्जीवर होतं. 2013 मध्ये बेंजामिन माको हिल आणि ॲरन शॉ या संशोधकांनी हीच आकडेवारी अमेरिकेतल्या एका नमुना पाहणीशी ताडून पाहिली. बायकांनी प्रश्नावली कमी भरली होती. दुरुस्तीनंतर प्रमाण 16 टक्क्यांवर गेलं. दरी खरीच, पण भाषणांतून अजून जुनाच आकडा फिरतो.

दुसरा मार्ग विकिपीडियावरच्या खात्याच्या 'पसंतीक्रमा'चा, म्हणजे सेटिंग्जचा. तिथे स्त्री, पुरुष किंवा 'सांगायचं नाही' असं निवडता येतं. ही सोय मोजणीसाठी नव्हतीच. रशियन, पोलिशसारख्या भाषांत सॉफ्टवेअरचं व्याकरण चुकू नये म्हणून ती आली. आपण होऊन काही निवडलं नाही, तर रकाना 'सांगायचं नाही'वरच राहतो. बहुतेक जण तिथे फिरकतही नाहीत. शिवाय ही निवड सगळ्यांना दिसते, त्यामुळे त्रासाच्या धास्तीने ती टाळणाऱ्या बायकाही असणारच. अशा नोंदींवरून टक्केवारी काढणं मला धाडसाचं वाटतं.

तिसरी मोजणी लिहिणाऱ्यांची नाही, ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांची. ऑक्टोबर 2012 मध्ये विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीचा माहितीसाठा, सुरू झाला. त्यात व्यक्तीच्या नोंदीला लिंगाचा रकाना असतो. त्यातून दिसलं, की 2014 च्या सुमारास इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रलेखांत स्त्रिया सुमारे 15 टक्के होत्या. 2015 मध्ये स्त्रियांवरचे लेख वाढवण्यासाठी 'विमेन इन रेड' हा प्रकल्प उभा राहिला तो याच आकड्यावर; लेख नसलेल्या नावाचा दुवा लाल दिसतो, म्हणून 'रेड'.

आता हे नागपूरला लावून बघा. 20 जुलै 1942 रोजी इथे दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं डॉ. आंबेडकर तिथेच म्हणाले. हजारो बायका आल्या होत्या. विकिडेटाची टक्केवारी मात्र नोंद असलेल्यांचीच निघते. ज्यांची नोंदच नाही, त्या अंशातही नाहीत आणि छेदातही नाहीत.