नॅनो-चुना आणि नॅनो-झिंक: एक आम्लावर, दुसरं बुरशीवर

जुन्या पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडताच त्याचा तुकडा हातात आला, तर दोष बुरशीचा नसतो. कागदात मुरलेल्या आम्लाने सेल्युलोजचे, म्हणजे ज्यांचा कागद बनतो ते, धागे तुटलेले असतात. बुरशीने खाल्लेला कागद हाताला वेगळाच लागतो. तो मऊ, कापसासारखा होतो, त्याला कुबट वास येतो आणि कुंचला फिरवला की काळपट-हिरवी भुकटी निघते. दुखणी दोन, औषधंही दोन. पण दोन्ही औषधांच्या नावात ‘नॅनो’ असल्यामुळे गल्लत होते.

नॅनो-चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे अतिसूक्ष्म कण, बहुतेकदा अल्कोहोलमध्ये मिसळलेले, म्हणजे कागद पाण्यात भिजवावा लागत नाही. फ्लॉरेन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी भित्तिचित्रांसाठी वापरलेली ही पद्धत पुढे कागदावर आली. कण धाग्यांमध्ये शिरून आम्ल शमवतात. उरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि पुढे तयार होणाऱ्या आम्लासाठी शिल्लक राहतो. ताजा चुना बुरशीला सोसत नाही, नॅनो-चुना हे बुरशीचंही औषध आहे या गैरसमजाचं मूळ इथेच आहे. कार्बोनेट झाल्यावर तो जहालपणा ओसरतो आणि ओल मिळाली की बुरशी पुन्हा धरू शकते. शिवाय लोह आणि मायफळाच्या शाईने लिहिलेलं हस्तलिखित असेल, तर चुन्याने काळी अक्षरं तपकिरी पडू शकतात. तिथे फार जपावं लागतं.

झिंक ऑक्साइडचे नॅनोकण मात्र थेट बुरशीवर जातात. त्यांतून सुटणारे जस्ताचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, तिच्या पेशींना इजा करतात, वाढ रोखतात. आम्ल शमवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. याच पंगतीत टायटॅनियम डायऑक्साइडही बसवतात, पण मला त्याची धास्ती वाटते. त्याला काम करायला अतिनील प्रकाश लागतो, आणि त्या प्रकाशात तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू बुरशी आणि सेल्युलोज असा भेद करत नाहीत. बुरशी मरते, पण कागदही झिजू शकतो.

चुना किंवा झिंक, काहीही जास्त झालं तर पानावर पांढुरकी साय दिसते, म्हणून आधी कोऱ्या कडेवर थेंबभर लावून पाहावं. हवेतली आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, तर बुरशीला आयतं रान मिळतं, तेव्हा खोली कोरडी ठेवणं आधी. आणि मेलेल्या बुरशीचे बीजाणू झिंकने नाहीसे होत नाहीत. ते मास्क लावून, मऊ कुंचल्याने, पान पूर्ण वाळल्यावरच काढावे लागतात, नाहीतर ओल्या पानावर ते आणखी आत चोळले जातात.