शब्दकोडे, गाण्यांच्या शीर्षकांवरचे

ज्या शब्दकोड्यातली लांब उत्तरे लोकप्रिय गाण्यांची नावे असतात आणि ती सगळी एकाच धाग्यात ओवलेली असतात, ते कोडे. नुसती पाच गाणी चौकटीत कोंबली म्हणजे असे कोडे होत नाही. ही पाचच का, याचे उत्तर सोडवणाऱ्याला शेवटी मिळावे लागते.

शब्दकोड्याचा उगम वृत्तपत्रातला. आर्थर विन यांचे पहिले कोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापले गेले, त्याचा आकार पत्त्यातल्या चौकटसारखा होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९४२ मध्ये कोडे सुरू केले. रोज १५×१५ आणि रविवारी २१×२१ घरे, चौकट उलटी धरली तरी काळी घरे त्याच जागी, आणि प्रत्येक घर आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत, ही अमेरिकी शिस्त. देवनागरीत यातली शेवटची अट पाळणे जवळजवळ अशक्य आहे. एका घरात एक अक्षर, म्हणजे काना-मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर यांसह पूर्ण अक्षर बसते, आणि छेदणाऱ्या शब्दालाही नेमके तेच अक्षर लागते. ‘क्र’च्या घरातून ‘चक्र’ किंवा ‘विक्रम’ जाईल. ‘तक्रार’ जाणार नाही, कारण तिथे ‘क्रा’ हवा. त्यामुळे काळी घरे थोडी जास्त घेऊन मोकळे राहणेच शहाणपणाचे.

रचनेची सुरुवात अक्षरे मोजण्यापासून होते. समजा, विषय आकाश. ‘शुक्रतारा मंद वारा’ आठ अक्षरांचे, ‘तोच चंद्रमा नभात’ही आठ. चौकट उलटी धरली तरी जुळायला समोरासमोरची उत्तरे सारख्याच लांबीची लागतात, ती जोडी जमली: ११×११ च्या चौकटीत एक तिसऱ्या ओळीत डावीकडून, दुसरे नवव्या ओळीत उजवीकडे टेकून. मधल्या, सहाव्या ओळीत मात्र विषम संख्याच हवी, नाहीतर समतोल बिघडतो. तिथे सात अक्षरी ‘चंद्र आहे साक्षीला’ बसते, दोन्ही बाजूंना दोन-दोन घरे सोडून. ‘चांदण्यात फिरताना’ही आठच अक्षरी, पण त्याला आता जोडीदार नाही. गाणे कितीही आवडते असले तरी ते वगळावे लागते.

खरी पंचाईत वेगळीच आहे. मराठी गाण्याला बहुधा स्वतंत्र शीर्षक नसते. मुखड्याची पहिली ओळ हेच त्याचे नाव. ती कुठे तोडायची? ‘चांदण्यात फिरताना’वर थांबले तर आठ अक्षरे, ‘माझा धरलास हात’पर्यंत गेले तर सोळा. घरांची संख्या दिसत असल्याने सोडवणारा निभावून नेतो. ऱ्हस्व-दीर्घाचे तसे नाही. मधल्या ओळीतले गाणे ‘साक्षीला’ असेही लिहिलेले सापडते आणि ‘साक्षिला’ असेही. ऐकणाऱ्याला फरक पडत नाही; कोड्यात मात्र त्या एका घरातून एकतर ‘पक्षी’ जातो नाहीतर ‘दक्षिण’. प्रमाण लेखन धरून ‘क्षी’ घ्यावा आणि छेदणारा शब्द अगदी सोपा ठेवावा, म्हणजे ‘साक्षिला’ लिहिणाऱ्याला चूक आपोआप उमगते.

वरच्या संचात एक खोट आहेच: ‘चंद्र’ दोनदा येतो. सैल विषयात हे चालवून घेतात, पण काटेकोर कोडेकार खपवून घेणार नाही. त्याला दडलेल्या शब्दांचा खेळ अधिक प्रिय. ‘चंद्रमा नभात’ यात दोन शब्दांच्या सांध्यावर ‘मान’ आहे, ‘मंद वारा’त ‘दवा’. ‘तारा मंद’मध्ये ‘राम’ सापडल्यासारखा वाटतो, पण अनुस्वार आडवा येतो. अशी दोन-तीन गाणी जमवायला कधी कधी महिना जातो. धागा उघड करणारा छोटा शब्द खाली उजव्या कोपऱ्यात ठेवण्याची पद्धत आहे. तो फार आधी हाती लागला तर मजा जाते.

लांब उत्तरे बसली की उरलेले भरणे हमालीचे काम. संगणकाची मदत होते, पण आज्ञावली अक्षरे मोजते की युनिकोडची चिन्हे, म्हणजे काना-मात्राही सुट्या धरणारी संगणकाची चिन्हे, हे आधी तपासावे. ‘शुक्रतारा’ ही माणसाला चार अक्षरे. चिन्हे मोजणाऱ्या यंत्राला नऊ.

शोधसूत्रात ‘अमुक यांचे गाजलेले गीत’ एवढेच देणे आळशीपणाचे: ज्याने गाणे ऐकलेले नाही तो तिथेच अडकतो. ‘रात्र जुनीच, आकाश जुनेच, आणि वर दिसणाराही बदललेला नाही’ असे सूत्र दिले तर गाणे ओठांवर नसलेल्यालाही अर्थावरून ‘तोच चंद्रमा’पर्यंत पोचता येते, आणि ‘नभात’ची तीन अक्षरे उभ्या शब्दांतून मिळतात. गाण्यातलाच शब्द सूत्रात मात्र येता कामा नये.