ग्रामसभा म्हणजे सदस्यांची मीटिंग नव्हे!

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुका असो की करमाळा, गावच्या पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ग्रामसभेत आपलं काय काम? ती सरपंच अन् मेंबर लोकांची मीटिंग." हे साफ चूक आहे. सदस्य बसतात ती मासिक सभा. ग्रामसभेत गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण सभासद असतो. 73व्या घटनादुरुस्तीने (1993 पासून लागू) हे थेट राज्यघटनेतच आलं.

दुसरा गैरसमज कोरमचा, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचा. माणसं जमली नाहीत, म्हणून सभा बुडाली असं नसतं. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100, यातला कमी आकडा. तो भरला नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. तरी रजिस्टर बगलेत मारून शिपाई सह्यांसाठी दारोदार फिरतो, ते कशापायी देव जाणे! सही करण्याआधी वरचा ठराव तरी वाचा.

वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सोलापूर शहरात मात्र महापालिका, म्हणून ग्रामसभा नाही. तिथे कायद्यात क्षेत्रसभेची, म्हणजे आपापल्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद आहे. ती भरलेली कुणी पाहिली असेल तर सांगा.