पैसा स्टेशनला, गाडी सोसायटीत: घर आणि ऑफिसातल्या चार्जर-अनुदानाची पार्श्वभूमी

विजेची गाडी दिवसाचा बहुतेक वेळ उभी असते. रात्री इमारतीखाली, दिवसा ऑफिसच्या पार्किंगमध्ये. ती चार्ज करण्याची सगळ्यात स्वस्त आणि बॅटरीला मानवणारी जागाही तीच. तरीही गेल्या दहा वर्षांत चार्जिंगसाठीचा केंद्राचा पैसा जवळजवळ सगळा सार्वजनिक स्टेशनांकडे गेला. घरच्या आणि कामाच्या ठिकाणच्या चार्जरला थेट मदत केली ती काही राज्यांनी, आणि तीही हात राखून.

सुरुवात परवान्याच्या प्रश्नापासून झाली. विद्युत कायदा २००३ नुसार वीज विकायला परवाना लागतो. मग दुसऱ्याची गाडी चार्ज करून पैसे घेणे म्हणजे वीज विकणेच की काय? या शंकेपायी मॉल, ऑफिसे, सोसायट्या सगळेच कचरत होते. ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्ट केले की चार्जिंग ही सेवा आहे, त्याला परवाना नको. त्याच वर्षी १४ डिसेंबरला पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली. घर आणि ऑफिसातल्या खासगी चार्जिंगला परवानगी, वितरण कंपन्यांनी त्यासाठी साहाय्य करावे आणि घरी चार्ज केलेल्या विजेला घरगुती दरच लागावा, एवढे त्यांत होते. पैशाचा उल्लेख नव्हता. फेब्रुवारी २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत २० टक्के पार्किंग विजेच्या गाड्यांसाठी सज्ज ठेवण्याची तरतूद आली, पण ती नव्या बांधकामाला. १ ऑगस्ट २०१९ पासून चार्जरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. घरगुती ग्राहकाच्या खिशापर्यंत पोचलेली केंद्राची सवलत म्हणजे मुख्यतः एवढीच.

फेम ही विजेच्या गाड्यांना प्रोत्साहन देणारी केंद्राची योजना. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेल्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात १०,००० कोटींपैकी १,००० कोटी रुपये चार्जिंगसाठी होते. त्यातून ६८ शहरांत २,८७७ स्टेशने मंजूर झाली, आणि मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना पंपांवर ७,४३२ वेगवान चार्जर बसवण्यासाठी ८०० कोटी मंजूर झाले. वाटेत बॅटरी संपेल ही गिऱ्हाईकाची धास्ती घालवायला रस्त्यावर दिसणारे स्टेशन हवेच होते, शिवाय तीन कंपन्यांचा हिशोब तपासणे हजारो घरांच्या बिलांपेक्षा सोपे. धोरण म्हणून ते चूक नव्हते, पण अपुरे नक्कीच होते.

ही उणीव आधी दिल्लीने ओळखली. ७ ऑगस्ट २०२० च्या धोरणात खासगी चार्जिंग पॉइंटसाठी उपकरणाची १०० टक्के किंमत, कमाल ६,००० रुपये, पहिल्या ३०,००० पॉइंटना देण्याची तरतूद झाली. घर, सोसायटी, ऑफिस, दुकान सगळे पात्र. पूर्ण वापरली तरी रक्कम १८ कोटींच्या आसपास. पण दिल्लीचे खरे शहाणपण पैसे देण्याच्या पद्धतीत होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये वितरण कंपन्यांमार्फत एक खिडकी सुरू झाली. ग्राहकाने वितरण कंपनीच्या पोर्टलवर जायचे, यादीतल्या पुरवठादाराचा चार्जर निवडायचा, हवी तर विजेच्या गाडीसाठी वेगळी जोडणी त्याच अर्जात मागायची आणि अनुदान वजा जाता उरलेली रक्कमच भरायची. हलक्या वाहनांसाठीचा साधा एसी चार्जर त्यामुळे २,५०० रुपयांपासून मिळू लागला. आधी सगळे पैसे भरा, मग परताव्याची वाट पाहा, हा फेरा नाही. बाजारातून परस्पर आणलेल्या चार्जरला मात्र या वाटेने सवलत नव्हती, म्हणून आधी अर्ज, मग खरेदी हा क्रम पाळावा लागे. मार्च २०२१ मध्ये १०० हून जास्त गाड्यांचे पार्किंग असलेल्या व्यापारी आणि संस्थांच्या इमारतींनी ५ टक्के जागा चार्जिंगसह राखावी असा आदेशही निघाला. ऑफिसांपुढे बंधन आणि सवलत दोन्ही एकदमच आली.

महाराष्ट्राची वाट वेगळी. फेब्रुवारी २०१८ च्या पहिल्या धोरणात पहिल्या २५० स्टेशनांना उपकरणाच्या २५ टक्के, कमाल १० लाख रुपये होते, म्हणजे नजर पूर्णपणे व्यावसायिक स्टेशनवर. जुलै २०२१ च्या धोरणात पहिल्या १५,००० संथ चार्जरना किमतीच्या ६० टक्के, कमाल १०,००० रुपये, आणि पहिल्या ५०० मध्यम व वेगवान चार्जरना ५० टक्के, कमाल ५ लाख ठरले. गुणाकार केला की कल कळतो: १५,००० संथ चार्जरना जास्तीत जास्त १५ कोटी, ५०० वेगवान चार्जरना २५ कोटी. शिवाय ही रक्कम सार्वजनिक आणि अर्ध-सार्वजनिक चार्जरसाठी होती. सोसायटीच्या सामायिक पार्किंगमधला किंवा ऑफिसातला, अनेकांनी वापरायचा चार्जर त्यात बसे, फ्लॅटधारकाने स्वतःच्या जागेवर लावलेला बसत नसे. त्याच्यासाठी स्थानिक संस्थांनी मालमत्ता करात सूट द्यावी, असे प्रोत्साहन तेवढे होते. नव्या निवासी इमारतींत २० टक्के आणि व्यापारी-संस्थात्मक इमारतींत २५ टक्के पार्किंग सज्ज ठेवण्याची अट मात्र भक्कम होती. नंतर भिंती फोडून केबल ओढण्यापेक्षा बांधतानाच पाइप टाकणे कितीतरी स्वस्त पडते.

घरच्या चार्जरला रोख मदत देण्याचा प्रयोग ब्रिटनने जास्त काळ केला, आणि त्याचा आलेख बघण्यासारखा आहे. २०१३ मध्ये खर्चाच्या ७५ टक्के, कमाल १,००० पौंड. पुढे ९००, ७००, ५०० आणि एप्रिल २०२० पासून ३५०. कामाच्या ठिकाणांसाठी नोव्हेंबर २०१६ मध्ये सॉकेटमागे ३०० पौंडांची वेगळी योजना आली. जुलै २०१९ पासून दूरून नियंत्रित होणाऱ्या स्मार्ट चार्जरलाच अनुदान देण्याचे ठरले, कारण संध्याकाळी सगळ्या गाड्या एकदम लागल्या तर जाळ्यावर ताण येतो. ३१ मार्च २०२२ नंतर स्वतःच्या स्वतंत्र घरात राहणाऱ्यांचे अनुदान थांबले, भाडेकरू आणि फ्लॅटधारकांसाठी मात्र चालू राहिले. बंगलेवाला स्वतःच्या खर्चाने लावतोच, अडतो तो सामायिक इमारतीतला माणूस, हे तिथे नऊ वर्षांत पटले. मुंबई-पुण्यात तर बहुतेक सगळे दुसऱ्या गटातलेच.

आणि सोसायटीत मोठा खर्च चार्जरपेक्षा वायरचा असतो. मीटर रूम तळमजल्यावर, गाडी तिसऱ्या पोडियमवर, केबल ६० मीटर. ७.४ किलोवॅटचा चार्जर सिंगल फेजवर ३२ अँपिअर ओढतो, तोही सलग पाच-सहा तास. ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये एवढ्या अंतरावर जवळपास १२ व्होल्ट पडतात, म्हणजे ५ टक्के. रात्री व्होल्टेज आधीच कमी असेल तर चार्जर मधेच बंद होतो आणि दोष गाडीवर ढकलला जातो. १० चौरस मिलिमीटर घेतली की घट ७ व्होल्टवर येते. चार्जरच्या किमतीवर बेतलेले अनुदान या केबलला शिवतही नाही.

दुसरी नेहमीची अडचण १६ अँपिअरच्या साध्या सॉकेटची. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, गाडी रात्रभर ओढत राहते. स्क्रू जरा सैल असला तरी सॉकेट तापून प्लास्टिक वितळते. त्यासाठी औद्योगिक सॉकेट आणि स्वतंत्र सर्किट हवे, घरातल्या लाइनमधून ओढलेली एक्स्टेंशन कॉर्ड नको. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१९ मध्ये चार्जिंगसाठी सुरक्षा नियमांत भर घातली ती याच धर्तीवर: प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट, सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर वर आणि न्यूट्रलसह सर्व तारा तोडणारे, ३० मिलिअँपिअरला उडणारे, किमान टाइप ए दर्जाचे गळती-संरक्षक (आरसीडी, वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे उपकरण). बाजारात स्वस्तात मिळणारे टाइप एसी इथे चालत नाही, कारण चार्जरमधून डीसी गळती आली की त्याला गळती कळेनाशी होते. अर्थिंग खराब असेल तर बहुतेक चार्जर सुरूच होत नाहीत. अशा वेळी वायरमनला न्यूट्रल आणि अर्थ जोडून ‘जमवून’ द्यायला सांगू नये. न्यूट्रल तुटला तर गाडीचा पत्राच जिवंत होतो.

मग मंजूर भार, म्हणजे जोडणीवर एका वेळी ओढायला परवानगी असलेली कमाल वीज. फ्लॅटचा मंजूर भार ५ किलोवॅट असेल तर ७.४ चा चार्जर त्यात बसत नाही. भार वाढवून घ्या, ३.३ किलोवॅटवर समाधान माना किंवा वेगळी जोडणी घ्या. महिन्याला १,२०० किलोमीटर चालणारी कार साधारण १७० युनिट खाते. घरच्याच मीटरवर घेतले तर हे युनिट आधीच्या वापराच्या वर बसतात, म्हणजे वरच्या टप्प्याच्या महाग दराने. वेगळ्या जोडणीचे गणित इथे जुळते. २२ फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क दुरुस्ती नियमांनी गाडीसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क स्पष्ट केला, आणि नवी जोडणी देण्याची मुदत महानगरांत ३, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांवर आणली.

वीस सभासदांनी वीस केबल ओढल्या तर कागदावर १४८ किलोवॅटची मागणी उभी राहते आणि ट्रान्सफॉर्मरचा प्रश्न येतो. एकच सामायिक जोडणी, भार वाटून देणारे चार्जर आणि प्रत्येकाला सबमीटर, अशी रचना केली तर रात्रीच्या आठ तासांत त्याच वीस गाड्यांचे रोजचे अंतर ४० किलोवॅटमध्ये सहज भरून निघते. प्रत्येकीला सरासरी १६ युनिट मिळतात, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास.

१ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी आहेत, तेही सार्वजनिक स्टेशनांसाठी. म्हणून सोसायटीने राज्याच्या चालू धोरणात तीन गोष्टी तपासाव्यात: सामायिक चार्जर अर्ध-सार्वजनिक म्हणून धरला जातो का, अनुदान केबल-पॅनेललाही आहे की फक्त चार्जरला, आणि मंजुरीआधी केलेला खर्च ग्राह्य धरतात का. सर्वसाधारण सभेचा ठराव, पार्किंगचा नकाशा, मंजूर भार दाखवणारे वीजबिल आणि परवानाधारक कंत्राटदाराचे अंदाजपत्रक ही चार कागदपत्रे आधी जुळवली की अर्ज अडण्याचे कारण फारसे उरत नाही.